सात नंबरच्या बसमधली तोतयी

“कप्तानसाहेब, तुम्हाला पोहता येतं का?”

हा प्रश्न मी भर स्वागत समारंभात, झुंबराखाली उभं राहून, बोटीवरच्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारला. पैज माझ्या मैत्रिणींची होती. सुट्टी लागायच्या दिवशी शेवटच्या बाकावर बसून तिघींनी एकमताने ठरवलं होतं, की ही काही विचारणार नाही. कारण मी वर्गात ‘हजर’ म्हणायचे तेही पुढच्या मुलीच्या वेणीला उद्देशून.

कप्तानाने आजूबाजूला बघितलं, माझ्या कानाशी वाकला आणि कुजबुजला, “येतं. पण हळू बोल. लोकांना वाटेल मी तयारीत आहे.”

त्या क्षणी माझ्यातली भित्री मुलगी समुद्रात पडली आणि बोटीवर एक डिटेक्टिव्ह उरली.

माझी ओळख मीच करून देते, कारण दुसरं कुणी करून देईल अशी चिन्हं नाहीत. वय पंधरा, पण नजरेचं वय चाळीसच्या पुढे. बुटाच्या लेसवरून मी माणसाचा स्वभाव सांगते, टाचेवरून व्यवसाय, आणि तो उठून गेला की खुर्चीकडे बघून त्याचा भूतकाळ. माझे निष्कर्ष आजवर कधीही चुकलेले नाहीत. कधीकधी माणसं चुकीची निघतात, तो त्यांचा प्रश्न. बोटीच्या लिफ्टमध्ये रोज भेटणारा, काळा चष्मा लावणारा आणि कुणाशी चकार शब्द न बोलणारा गृहस्थ आंतरराष्ट्रीय हेर आहे, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. तो दाढ दुखणारा भूगोलाचा शिक्षक निघाला. पण हेर असता तर हुबेहूब असाच वागला असता, हे कुणी लक्षातच घेत नाही.

प्रत्येक मोठ्या डिटेक्टिव्हला एक मंद सहायक लागतो. त्या पदावर मी बाबांची नेमणूक केली. त्यांना अजून कळवलेलं नाही.

आता घटनास्थळ. बोट म्हणजे तरंगतं लग्नघर, फक्त नवरा-नवरी नाहीत. सकाळपासून जेवणावळ, ओळख नसलेले नातेवाईक, सतत कुणीतरी फोटो काढतंय आणि ‘आता पुढे काय’ हे कुणालाच माहीत नाही. पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्यांवर लोक पहाटेच टॉवेल टाकून जातात आणि मग दिवसभर तिकडे फिरकत नाहीत. टॉवेलांना ऊन मिळतं, माणसं सावलीत उभी. नाश्त्याला हवं ते घ्या म्हटल्यावर शहाणीसुरती माणसं ताटात आईस्क्रीम आणि अंड्याची भुर्जी शेजारी शेजारी वाढून घेतात, आणि वर डॉक्टरांनी काय काय बंद केलंय ते एकमेकांना सांगतात.

या सगळ्यात आई काय करते? आई धरते. बाबांचा कोट धरते, माझी टोपी धरते, माझं अर्धवट खाल्लेलं सफरचंद धरते. बाबा पुढे चालतात, मध्ये मी, मागे आई. बाबांना काही नकोसं झालं की ते मान न वळवता हात मागे करतात आणि म्हणतात, “अगं, हे घे.” वस्तू नाहीशी होते. काही हवं असलं की पुन्हा हात मागे, “अगं, ते दे.” वस्तू प्रकट होते. माझंही तसंच चालतं, फक्त मी ‘अगं’च्या जागी ‘आई’ म्हणते.

मोठं शहर आलं त्या दिवशी बोटीवर सकाळपासून धांदल होती. अख्खी बोट उतरणार होती. नाश्त्याच्या टेबलावर आई काहीतरी म्हणाली. बाबा नकाशात डोकं घालून “हं, हं, पाण्याची बाटली घे” म्हणाले. मी भूगोलाच्या शिक्षकाच्या हालचाली टिपत होते. नंतर आईने माझं कार्ड माझ्या गळ्यात आणि बाबांचं बाबांच्या गळ्यात अडकवलं. बोटीवरून उतरताना आणि परत चढताना हे कार्ड यंत्राला दाखवावं लागतं, मग ते टुंग करतं. एरवी तिघांची कार्डं आईच्याच पर्समध्ये असतात. आज ती वाटून टाकण्यात आली, ही बाब कुठल्याही सामान्य डिटेक्टिव्हला खटकली असती. मी सामान्य नाही. मला नाही खटकली.

धक्क्यावर बसेस उभ्या होत्या. सगळ्यांच्या छातीवर बसच्या नंबराचे गोल स्टिकर चिकटवलेले होते. आमची सात नंबरची. गाईड उंच, घामेजलेला आणि हातात काठीला लावलेली नारिंगी पाटी. त्याने बसमध्ये एक फेरी मारली, बोटाने हवेत टिंबं देत डोकी मोजली आणि जाहीर केलं, “सगळे आले. चला.”

शहर मोठं होतं, म्हणजे आम्हाला तसं सांगण्यात आलं. आम्हाला दिसली ती नारिंगी पाटी. पाटीमागून आम्ही एका पुलावर गेलो, पुलावर पुलाचा फोटो काढला आणि खाली उतरलो. मग संग्रहालय. तिथे एका राजाच्या पलंगासमोर सगळे इतके भक्तिभावाने उभे राहिले, की मला वाटलं राजा अजून झोपलाय. बाबांनी वाटेत मागे हात करून एकेक गोष्ट सोपवली. आधी कोट, मग छत्री, दोन माहितीपत्रकं, आणि कागदात गुंडाळलेलं च्युइंगम. मागून सगळं नीट घेतलं जात होतं. एकदा मागून आवाज आला, “अहो, जरा ऐकता का?” बाबा म्हणाले, “हो गं, नंतर.”

मोठ्या चौकात पोचलो तेव्हा मला तहान लागली. मी हात मागे केला. “आई, पाणी.”

बाटली हातात आली. मी एक घोट घेतला आणि थबकले. पाण्यात लिंबाचा वास होता. आई पाण्यात पाणीच घालते. बाटली परत घ्यायला मागून पुढे आलेल्या हाताकडे मी पाहिलं. नखं निळी होती. जर्द निळी, आणि करंगळीवर चांदणी.

मी गर्रकन वळले. माझ्यामागे एक अनोळखी बाई उभी होती. तिच्या एका खांद्यावर बाबांचा कोट, दुसऱ्यावर छत्री, काखेत माहितीपत्रकं, आणि चिमटीत अंगापासून लांब धरलेलं च्युइंगम. आमचं अख्खं घर तिच्या अंगावर लटकत होतं. छातीवर स्टिकर, सात नंबर.

कुणी दुसरी मुलगी असती तर सरळ विचारलं असतं, “बाई, तुम्ही कोण?” पण संशयिताला थेट विचारणं हे नवशिक्यांचं काम. मी गोड हसले, बाटली परत दिली आणि बाबांना खांबाआड ओढलं.

“बाबा, शांत राहा. आईला पळवलंय. तिच्या जागी तोतयी बसवलीय. पाण्यात लिंबू आहे.”

“काहीतरीच काय. आत्ताच तर तिने माझा कोट घेतला.”

“कोट घेणारीचा चेहरा पाहिलात?”

“कोट देताना चेहरा कशाला बघायचा?”

मी त्यांची मान धरून वळवली. बाबांनी निळ्या नखांच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी हात हलवला. बाबांनीही सवयीने हलवला. मग त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

मी भराभर तर्क मांडले. पहिला, ही टोळी आहे. गाईड सामील आहे, नाहीतर डोकी बरोबर कशी भरली? दुसरा, टोळीला बाबांचा कोट हवाय, अस्तरात नकाशा शिवलेला असणार. “तो कोट तुझ्या आत्याने दिलाय,” बाबा क्षीणपणे म्हणाले. म्हणजे आत्याही सामील. तिसरा तर्क मला स्वतःलाच आवडला नाही. आई गेले दोन दिवस कारण नसताना हसत होती. जेवताना एकदा काट्याने टेबलावर ताल धरला होता. घर सोडून जायचं ठरवलेली माणसं अशीच वागत असतील तर?

तेवढ्यात गर्दीत ती दिसली! तीच चाल, एका खांद्याने किंचित झुकलेली, खांद्यावर तशीच फुगलेली पिशवी. मी धावले. बुटांच्या दुकानातून, फुलवाल्याच्या बादल्यांमधून, औषधांच्या दुकानाच्या या दारातून आत आणि त्या दारातून बाहेर. मी सावलीसारखी मागे होते. सावलीने फक्त एक बादली सांडली. शेवटी ती बाई थांबली आणि वळली. कुठल्या कुठली बाई.

“काय गं, माझ्या मागे का येतेस? हरवलीस का?”

“मी नाही. आई हरवलीय.”

“अरेरे. कशी दिसते?”

“तुमच्यासारखी,” मी म्हणाले. “मागून.”

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की माझ्या चाळिशीतल्या नजरेला खाली बघावं लागलं.

मी परत आले तोवर बाबा चौकाच्या मध्यभागी उभं राहून हाका मारत होते. बाबा आईला नावाने हाक मारत नाहीत. ते ओरडत होते, “अगं! अगं ए!” चौकातल्या निम्म्या बायका वळून बघत होत्या. एक आजीबाई तर रस्ता ओलांडून आल्या आणि म्हणाल्या, “काय हो, काय झालं?”

गाईड पाटी आपटत आला. “बसायला हवं. बोट संध्याकाळी सुटते, कुणासाठी थांबत नाही.”

“माझी बायको हरवलीय!”

गाईडने बोटाने हवेत टिंबं दिली. “डोकी पूर्ण आहेत.”

“अहो, डोकी पूर्ण असतील, बायको नाहीये!”

“साहेब, मला डोकी मोजायचा पगार आहे. कुणाचं कोण ते मी बघत नाही.” मग बाबांचा चेहरा बघून तो जरा नरमला. “बरं, पोलिसांना कळवू. वर्णन सांगा. उंची?”

“मध्यम.”

“मध्यम म्हणजे?”

बाबांनी हात हवेत धरला, खाली केला, वर केला. “माझ्याहून... मी कधी शेजारी उभं राहून बघितलं नाही हो.”

“कपडे?”

बाबांनी खूप विचार केला. “होते.”

“रंग?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कप्तानाच्या कॉलरवरचा चहाचा डाग सांगू शकत होते. भूगोलाच्या शिक्षकाच्या मोज्यांचे रंग वारानुसार सांगू शकत होते. पण आईने सकाळी काय घातलं होतं? मी डोळे मिटून नाश्त्याचं टेबल आठवलं. बशी दिसली, बरणी दिसली, माझ्या टोस्टला लोणी लावणारा हात दिसला. हाताच्या वर काहीच दिसेना.

“काही खूण? ओळखायची काही तरी खूण असेल ना?”

“ती असते,” बाबा म्हणाले. “म्हणजे मागे वळलं, की असते.”

बसवाल्याने हॉर्न दिला. बाबा चौकातल्या दगडी पायरीवर बसले आणि म्हणाले, “तुम्ही जा. पोरीला बोटीवर सोडा. मी इथून हलणार नाही. बोट गेली तर जाऊ दे.” बाबांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बसमधले लोक खिडकीतून फोटो काढत होते. एक गृहस्थ बायकोला सांगत होते, “बघ, बोट चुकणारी माणसं अशी असतात.” त्यांचाही कोट बायकोच्याच मांडीवर होता.

मी तोतयीवर झडप घालून तिची कसून उलटतपासणी घेण्याच्या बेतात होते. तेवढ्यात तीच पुढे आली.

“माफ करा हं,” ती म्हणाली, “पण हे सगळं मी अजून किती वेळ धरायचं? च्युइंगम तरी टाकू का?”

“माझी आई कुठे आहे?” मी गरजले.

“बोटीवर.”

“बोटीवर कुणी डांबलं?”

“डांबलं कुठलं? त्यांनीच मला स्टिकर दिला. आम्ही इस्त्रीच्या खोलीत भेटलो. त्या तुझ्या बाबांच्या शर्टाला इस्त्री करत होत्या. मला या सहलीचं तिकीट मिळालं नव्हतं. म्हणाल्या, माझं घ्या, मला नाही जायचं. मी म्हटलं, घरच्यांना चालेल ना? तर म्हणाल्या, घरच्यांना सांगितलंय. आणि म्हणाल्या, रांगेत मागे चाला, हातात येईल ते घ्या, जेवायच्या आधी सगळं परत मागतात.” बाईंनी कोट सावरला. “मला वाटलं गंमत करतायत. पुलावर यांनी मला छत्री दिली तेव्हा मी म्हटलंही, अहो ऐका. तर म्हणाले, हो गं, नंतर.”

गाईड पाटीमागे तोंड लपवून हसत होता. बाबा उठले. त्यांनी बाईंच्या खांद्यावरून कोट घेतला, छत्री घेतली, पत्रकं घेतली. च्युइंगमशी आल्यावर दोघंही क्षणभर अडखळले. मग तेही बाबांनी घेतलं.

परतीच्या वाटेवर बाबा कोट मांडीवर असा धरून बसले होते, जसं कुणी अनोळखी माणूस आपलं बाळ सांभाळायला देऊन उतरून गेलाय. मी मात्र त्यांना समजावत होते, की आई बोटीवर असल्याची शक्यता माझ्या मनात होतीच, मी ती मुद्दाम शेवटी ठेवली होती. बोटीच्या दारातल्या पहारेकऱ्याने आमची कार्डं टुंग केली.

“आमची आई आज उतरली का?” मी विचारलं.

त्याने पडद्यावर पाहिलं. “नाही. आजचा त्यांचा टुंग नाही.”

म्हणजे सकाळी दारात उभं राहून एवढं विचारलं असतं तरी झालं असतं. पण असल्या सोप्या उपायांनी डिटेक्टिव्हांची पोटं भरत नाहीत.

आई वरच्या डेकवर होती. अख्ख्या डेकवर एकटी. एकाही खुर्चीवर टॉवेल नव्हता. तिने तीन खुर्च्या घेतल्या होत्या. एका खुर्चीवर ती, दुसरीवर तिचे पाय, तिसरी रिकामी. मांडीवर जाडजूड कादंबरी उपडी, केस मोकळे. ड्रेस पिवळा होता, बाह्यांना बारीक पांढरी किनार. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतेय.

“आलात?” ती म्हणाली. “इतक्यात?”

बाबा तिच्यासमोर उभे राहिले. “मला वाटलं तू...” त्यांनी कोट या हातातून त्या हातात घेतला. “सांगून राहायचं ना गं.”

“सांगितलं की. काल रात्री जेवताना. तुम्ही म्हणालात, छान, छान. सकाळी दात घासताना. तुम्ही म्हणालात, टॉवेल दे. आणि नाश्त्याला सांगितलं तेव्हा म्हणालात, पाण्याची बाटली घे.” मग माझ्याकडे वळून, “तुला वेगळं सांगितलं होतं. तू म्हणालीस, शू, तो बघतोय.”

“तिसरी खुर्ची कुणाची?” मी विषय बदलला. ती रिकामी खुर्ची मला फार संशयास्पद वाटत होती.

“कुणाची नाही. रिकामी आहे.”

“मग घेतलीस कशाला?”

“रिकामी असावी म्हणून.”

बाबा तिच्या पायांशी, डेकच्या फळ्यांवरच बसले. रिकाम्या खुर्चीवर बसायचं धाडस त्यांना झालं नाही. आईने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग मिश्कील आवाजात विचारलं, “बरं, शहरात मी कशी वागले? काही तक्रार?”

“नाही,” बाबा म्हणाले. “पण पाण्यात लिंबू घातलं होतंस.”

आई हसली. खूप हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाबाही हसायला लागले, पण मध्येच थांबले आणि तिच्या पायाचा अंगठा धरून बसले. “तू नव्हतीस तर मला काही सांगता येईना,” ते म्हणाले. “त्या माणसाने किती प्रश्न विचारले. मला काही म्हणजे काही सांगता येईना.”

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण बाबा बाबा आहेत. थोड्या वेळाने सुस्कारा सोडून म्हणाले, “उद्या मात्र तू ये हं. उद्याचं शहर याहून मोठं आहे. तुझ्याशिवाय जमत नाही.” आणि हे म्हणता म्हणता कोट तिच्या खुर्चीच्या हातावर टाकला. सहज. त्यांना कळलंसुद्धा नाही.

आईने कोटाकडे पाहिलं. मांडीवरची उपडी कादंबरी हळूच उचलली. पुस्तक मिटलं. पाय खुर्चीवरून खाली घेतले आणि चपला शोधायला लागली.

“येईन की,” ती म्हणाली. “आज झाला ना माझा आराम. पुरे एक दिवस.”

तिने हात कोटाकडे नेला. मी आयुष्यात पहिल्यांदा आई काहीतरी धरताना समोरून बघत होते. हे रोज घडत होतं, आणि माझी नजर तेव्हा कॉलरवरचे डाग मोजत होती.

मी कोट उचलला आणि बाबांच्या डोक्यावर टाकला. मग खाली सहलीच्या टेबलाशी गेले. रांग होती. रांगेत भूगोलाचे शिक्षक होते, गालाला फडकं बांधलेले. मी त्यांचं निरीक्षण केलं नाही. माझा नंबर आल्यावर काम केलं आणि जिना चढून परत वर आले. बाबांनी कोट घातला होता. आईने केस अर्धे बांधले होते.

“दोघांनी ऐका,” मी म्हणाले. कप्तानाला प्रश्न विचारताना होता त्याच्या दुप्पट आवाज निघाला. “उद्याच्या सहलीतून मी आईचं नाव काढून आलेय. आपल्या केबिनचे उद्या दोनच स्टिकर. आई, तू इथे, तीन खुर्च्यांवर, आणि काय घालायचं ते तू ठरव, आम्ही बघून जाणार आहोत. बाबा, उद्या मागे हात केलात तर वारा लागेल, बाकी काही लागणार नाही. आणि मी तुमच्या मागे नाही चालणार. मी पुढे चालणार आहे.”